मुसाफिरांचे अर्धे चरित्र: पेठेतील वाचनालयाच्या संदर्भ विभागाविषयी

आमच्या वाचक मंडळाने यंदा साहित्यिक-राजकारणी हा विषय घेतला, तेव्हा यशवंतराव चव्हाण आणि काकासाहेब गाडगीळ ही नावे इतरांनी आधीच पटकावली आणि माझ्या वाट्याला ज्ञानी गुरमुखसिंग मुसाफिर हे पंजाबी लेखक आले. त्यांच्यावर टिपण तयार करण्यासाठी पेठेतील एका जुन्या वाचनालयाच्या संदर्भ विभागाचा मी बराच उपयोग केला. कोल्हापुरात अशा कामासाठी जागा शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय.

या विभागाची जमेची बाजू म्हणजे संसदीय साहित्य. संविधान सभेच्या चर्चांचे इंग्रजी खंड, लोकसभा व राज्यसभेच्या सदस्य-परिचयाची पुस्तके आणि जुने वार्षिक संदर्भग्रंथ एकाच कपाटात नीट लावलेले आहेत. ते घरी देत नाहीत. तिथेच बसून वाचावे लागतात, आणि ते योग्यच आहे. संविधान सभेच्या सदस्ययादीत आपल्या कोल्हापूरच्या देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांचे नाव असलेले पान बोटे लागून काळवंडले आहे, तर मुसाफिरांचे पान अगदी कोरे करकरीत आहे. कार्डांच्या खणात त्यांचे कार्ड प्रथम सापडले नाही, कारण ते ‘मुसाफिर’ किंवा ‘गुरमुखसिंग’ यांखाली नसून ‘ज्ञानी’ या उपाधीखाली सर्वांत शेवटच्या खणात होते. ग्रंथपालबाईंनी मात्र दोन मिनिटांत ते काढून दिले आणि ‘म’च्या खणासाठी दुसरे कार्ड स्वतःहून लिहिले. अशी तत्परता हल्ली दुर्मीळच.

या कपाटाच्या आधारे मुसाफिरांची राजकीय वाटचाल जवळजवळ सलग उभी करता आली. जन्म 15 जानेवारी 1899 रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या अटक भागातील अधवाल या गावी. आधी शिक्षक, मग गुरुद्वारा सुधारणेच्या आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी व तुरुंगवास, 1930-31 मध्ये अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे जथेदारपद म्हणजे प्रमुखपद, पुढे संविधान सभा, आणि 1952 पासून सलग तीन निवडणुकांत अमृतसरहून लोकसभेवर. 1 नोव्हेंबर 1966 रोजी भाषेच्या आधारावर पंजाबची पुनर्रचना होऊन हरियाणा वेगळे झाले, त्याच दिवशी ते नव्या पंजाबचे मुख्यमंत्री झाले. भाषावार राज्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या आणि सीमाभागाचे दुखणे अजून उराशी बाळगणाऱ्या कोल्हापूरकराला त्या दिवसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण ते पद चार महिनेच टिकले: 1967 च्या विधानसभा निवडणुकीत अमृतसरमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सत्यपाल डांग यांनी खुद्द मुख्यमंत्र्यांचाच पराभव केला. त्यानंतर 1968 पासून 18 जानेवारी 1976 रोजी निधन होईपर्यंत मुसाफिर राज्यसभेत होते.

खरी अडचण पुढे आहे. हा माणूस कवी आणि कथाकार होता, ‘मुसाफिर’ हे त्याने घेतलेले टोपणनाव होते, आणि ‘उरवार पार’ या कथासंग्रहाला त्याच्या मृत्यूनंतर, 1978 मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही त्याची एकही कथा किंवा कविता या वाचनालयात मराठीत नाही, हिंदीतही नाही. भाषांतरित साहित्याच्या कपाटात पंजाबीच्या नावावर अमृता प्रीतम यांचीच पुस्तके आहेत. गंमत अशी की अमृता प्रीतमही 1986 ते 1992 या काळात राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या, पण त्यांना या वाचनालयात केवळ साहित्यिक म्हणून स्थान आहे आणि मुसाफिरांना केवळ खासदार म्हणून. संत नामदेवांचे वास्तव्य झालेल्या पंजाबातील घुमानला 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, नामदेवांच्या निमित्ताने पंजाबशी असलेल्या नात्याचा आपण मोठा गजर केला. त्यानंतर तरी चार पंजाबी लेखक या कपाटात यायला हरकत नव्हती. त्याआधीही काकासाहेब गाडगीळ 1958 ते 1962 पंजाबचे राज्यपाल होते आणि त्याच 1962 साली साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मुसाफिर त्या वेळी अमृतसरचे खासदार होते. दोन लेखक-राजकारणी एकाच राज्याच्या कारभाराशी बांधलेले असताना, आपल्याकडे एकाचे लेखन सहज मिळते आणि दुसऱ्याचे औषधालाही मिळत नाही.

मागणीच्या वहीत मी हिंदी भाषांतराची नोंद केली. एकाच वाचकासाठी पुस्तक मागवणे समितीला परवडत नाही, असे उत्तर आले. ते व्यवहाराला धरून असले तरी मला पटलेले नाही, कारण त्याच समितीने एकाच परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांच्या ढीगभर प्रती घेतलेल्या दिसतात.

तेव्हा संसदीय किंवा राजकीय चरित्रावर काम करणाऱ्याने या वाचनालयाचे सभासद जरूर व्हावे. वर्गणी माफक आहे आणि पानांच्या झेरॉक्सची सोय तिथेच आहे. मराठीबाहेरच्या लेखकाचे साहित्य वाचायचे असेल, तर आधी दूरध्वनीवर चौकशी करावी. संदर्भ विभागात सकाळीच जावे, कारण दुपारनंतर खिडकीजवळची मोठी टेबले परीक्षार्थी मुलांनी भरलेली असतात आणि ते जाडजूड खंड मांडीवर घेऊन वाचणे काही जमत नाही.