चुंबक चिकटला नाही आणि मी भुललो

होडीवर चढायच्या शिडीपायी मी दोनदा फसलो. एकदा ती घेताना, एकदा बसवून घेताना. दोन्ही वेळा समोरच्याने पुरावा दाखवला होता, हे मला जास्त लागलं.

माझी शिडाची होडी लहान आहे. विक्रेत्याने घडीची स्टेनलेस शिडी पुढे केली, "316 आहे, खाऱ्या पाण्याचं भय नाही," म्हणाला आणि खिशातला चुंबक नळीला लावला. चिकटला नाही. मी खूश! पण हे आकडे म्हणजे स्टेनलेस पोलादाचे प्रकार, आणि चुंबक 304 लाही सहसा चिकटत नाही आणि निकेल वाचवून मँगनीजवर भागवलेल्या स्वस्त 201 लाही नाही. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, तेच मिठाच्या पाण्यात धातूला खड्डे पडू देत नाही. चुंबकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब मिळतो, कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेटही मागता येतं. मी काहीच मागितलं नाही. पहिल्याच हंगामात वेल्डिंगच्या सांध्यांवर तपकिरी ओघळ आले. (नुसते डाग अस्सल 316 वरही पडतात, घासले की जातात. माझ्या डागांखाली खड्डे होते.) मग थेंब टाकून पाहिला. मॉलिब्डेनम नव्हतंच.

लांबीची चूक मात्र माझीच. जमिनीवर ठेवलेली शिडी लांबच वाटते. होडीला लावल्यावर शेवटची पायरी पाण्याखाली जेमतेम वीतभर गेली. अंगावर ओले कपडे असताना तिथवर पाय न्यायचा तर गुडघा छातीशी येतो, आणि तोवर दोन्ही पाय होडीखाली ओढले जातात. होड्यांसाठी निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या निकषात शेवटची पायरी पाण्याखाली किमान 56 सेंटीमीटर हवी.

बसवणाऱ्याने ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट भिंतीवर, आठ आरपार बोल्ट आणि आतून जाड आधारपट्टी असं बिल लावलं. आतल्या बाजूला हात पोचत नव्हता, म्हणून त्याने मोबाइलवर फोटो दाखवला: पट्टी, मोठे वॉशर, नट, सगळं जागच्या जागी. बाहेरून षटकोनी माथी दिसतच होती. मी पैसे दिले.

नांगर टाकून पोहायला उतरलो होतो. परत चढताना दुसऱ्या पायरीवर भार दिला आणि उजवी बाजू भिंतीतून सुटून हातात आली. वर मित्र होता, त्याने दोर टाकला म्हणून मी वर आलो. एकटा असतो तर काय झालं असतं, त्याचा विचार मी टाळतो.

भोकातून निघाले ते बोटभरही लांब नसलेले स्क्रू, माथी तेवढी बोल्टसारखी. त्यांच्याभोवती सिलिकॉन फासलेलं. पुढे आतून झडप कापून बघितलं तर भिंत कोरी, नटाचा मागमूस नाही. फोटो दुसऱ्याच कुणाच्या होडीचा! आणि फायबरच्या दोन थरांमधला बाल्सा लाकडाचा गाभा भोकांतून पाणी पिऊन भुसभुशीत झालेला. शिडीपेक्षा ती दुरुस्ती जड गेली: सडका गाभा खरवडा, वाळवा, घट्ट इपॉक्सी भरा, आणि ती कडक झाल्यावर तिच्यातूनच बोल्टाचं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत जात नाही.

या वेळी झडप उघडी ठेवून शेजारी बसलो. आठही नट माझ्या देखत आवळले गेले. मग मित्राला होडीवर उभं करून पाण्यात उतरलो, खालून एका हाताने दोरी ओढून शिडी उघडते का पाहिलं, आणि तीनदा चढलो.