सिलिकॉनची खेळणी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

लेक पाच महिन्यांची झाली आणि अख्खी मूठ तोंडात कोंबायला लागली. लाळेरं तासाभरात ओलंचिंब व्हायचं. आई म्हणाली, "खारीक दे, तुम्हाला तीच दिली होती." पण चघळून मऊ झालेल्या खारकेचा तुकडा निघून घशात अडकेल, ही भीती मनातून जाईना. म्हणून सिलिकॉनकडे वळले. आता ती पंधरा महिन्यांची आहे. एवढ्यात चार वस्तू घेतल्या, त्यातली एक पहिल्याच महिन्यात फेकली.

तिचंच आधी सांगते. चोखणी अडकवायची मण्यांची माळ होती. पाकिटावर 'फूड ग्रेड', 'बीपीए फ्री' सगळं ठळक छापलेलं. बीपीए हे काही प्लॅस्टिकमध्ये वापरलं जाणारं रसायन, सिलिकॉन बनवायला ते लागतच नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र ते वाचून मी निर्धास्त झाले होते. एकदा धुताना माळ जरा ओढली, तर दोरा पिंजलेला आणि गाठ सुटलेली. छोट्या सुपारीएवढा मणी माझ्या तळहातावर! अंगावर काटा आला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा, ओढाताणीत सुटलेलासुद्धा, कुठलाही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा नियम आहे. हा मणी त्यात आरामात मावला असता.

तेव्हापासून मी सिलिकॉन कसलं आहे हे नंतर बघते. आधी बघते की वस्तू एकसंध ओतलेली आहे का. चिकटवलेले डोळे, खोचलेली शेपटी, आत खुळखुळणारं काही असेल तर नकोच. चिमटीत पिळल्यावर पांढरी रेघ उमटली तर भेसळ, असं सगळीकडे सांगतात. मीही पिळून बघते, पण तेवढ्यावर पक्कं काही ठरत नाही.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती साधी चपटी रिंग. एका कडेला बारीक खाचा, दुसऱ्या कडेला जाड गोळे. खालचे दोन दात येताना खाचांची बाजू, आणि आता दाढा शिवशिवतायत तर जाड बाजू, हे तिचं तिनंच शोधलं. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून गार करून देते. फ्रीजरमध्ये नाही, गोठवलेली अतिथंड वस्तू हिरडीला त्रास देऊ शकते.

एकात एक बसणारे कपही छान आहेत, पण सिलिकॉन वास धरून ठेवतं. भांड्यांच्या साबणाने धुतलेला कप तिने दोनदा थुंकून टाकला. पाच मिनिटं उकळून, गच्चीत वाळवल्यावर वास गेला. वरणभाताच्या हळदीचे पिवळे डागही उन्हानेच फिके झाले. गोधडीचे तंतू आणि केस मात्र सतत चिकटतात, प्रत्येक वेळी धुवावंच लागतं.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याच्यासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की तो कुणाचा आहे ते दिसतं. दुकानात उभ्याउभ्या होणारं काम आहे, जरूर करा.

दर रविवारी मी सगळी खेळणी ताणून, उजेडात धरून बघते. गेल्या आठवड्यात रिंगच्या कडेला दाताने पाडलेली बारीक चीर दिसली. आमच्याकडे बाळाच्या वस्तू धाकट्या भावंडांकडे जातात, नणंदेने मागितलीही होती. तिच्यासाठी नवी मागवली आणि जुनी कात्रीने कापून टाकली.