अर्धवेळ सीएफओ आणि एक सल्लागार: वर्षभराहून जास्त वापरानंतरचा अनुभव

आमची कंपनी भोसरीची. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मशीनवर बसवायचे सेन्सर आम्ही करतो. ऑर्डरी चांगल्या होत्या, पण पगाराची तारीख जवळ आली की पोटात गोळा यायचा. पूर्णवेळ सीएफओ, म्हणजे कंपनीचे पैसे सांभाळणारा वित्त प्रमुख, परवडत नव्हता आणि आमच्यासारख्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला कायद्याने तो लागतही नाही. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत फायनान्स सांभाळलेल्या एका मॅडमना आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या फीवर घेतलं.

खरा फरक वसुलीत पडला. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत आमचे पैसे मिळायला हवेत. हे प्रत्येक फाउंडरला ऐकून माहीत असतं. मॅडमनी ते कामाला लावलं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, ऑर्डर घेतानाच मुदतीची अट, आणि मार्चच्या आधी ग्राहकाच्या अकाउंट्सला पत्र: 2023 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्यात आलेल्या कलम 43बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. "भांडायचं नाही, त्यांच्याच फायद्याचं दाखवायचं," हे त्यांचं वाक्य. मोठ्या ग्राहकांची बिलं आता ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर, जातात. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, आम्हाला पैसे लवकर मिळतात आणि ग्राहकाने पुढे थकवलं तरी बँक आमच्या मागे लागत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

दर सोमवारी पुढच्या 13 आठवड्यांचा कॅश फ्लो समोर असतो. माझी झोप सुधारली, हे मनापासून सांगतो.

उणीव एकच, पण मोठी. मॅडम नसतात त्या दिवशी बँकेचा फोन आला की उत्तर द्यायला माणूस लागतो. हाताखाली पूर्णवेळ अकाउंटंट नसेल तर ही सोय घेऊ नका, फी वाया जाईल. मार्चअखेरीस त्यांचे इतर क्लायंटही त्यांना ओढतात. ते दिवस करारातच राखून ठेवावेत.

विक्रीसाठीचे सल्लागार म्हणजे चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले पर्चेस हेड. महिन्यातून एक बैठक. त्यांचा एक सल्ला सोन्यासारखा निघाला: आधी पर्चेसकडे जाऊ नका, मेंटेनन्सच्या साहेबांकडे जा आणि त्यांच्या ब्रेकडाउनच्या नोंदी मागा. पर्चेस भाव विचारतं. मशीन बंद पडल्याचा त्रास मेंटेनन्सला होतो. ओळखी करून देणारे पुष्कळ भेटतात, असं सांगणारा क्वचित.

मोबदल्याचं मात्र नीट बघा. ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, कर्मचारी आणि संचालकांसाठी असतात, बाहेरच्या सल्लागाराला देता येत नाहीत. आम्ही शेअरच्या किमतीशी जोडलेली रोख रक्कम करारात लिहिली, टप्प्याटप्प्याने हक्क मिळणारी. कंपनी सेक्रेटरीकडून मसुदा तपासून घेतला, तो खर्च वसूल आहे.

आता गुंतवणूकदारांशी बोलणी सुरू होतायत, म्हणून पुढच्या तिमाहीसाठी मॅडमकडे तिसरा दिवस मागितलाय. सल्लागारांचा करार आहे तसाच पुढे चालू ठेवतोय.