मोठी संख्या मूळ आहे का? कोणती चाचणी निवडावी

शेकडो अंकी संख्येला लहान मूळ संख्यांनी भागून पाहणं ही फक्त पहिली चाळण. त्यातून संख्या सुटली की चाचणी निवडावी लागते, आणि माझ्या मते निवडीआधी संख्येचं रूप पाहावं.

ती ‘२ चा घात वजा १’ अशी, म्हणजे मर्सेन संख्या असेल, तर ल्युकास-लेहमर चाचणीला तोड नाही. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, जी संख्या तपासतोय तिने भागून उरलेली बाकी पुढे न्या. १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १. तिच्यासाठी ४, १४, ६७, ४२, १११, ० असा क्रम येतो. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. शंकेला जागाच नाही! पण इतर रूपाच्या संख्येला ही चाचणी लागू पडत नाही.

सर्वसाधारण संख्येसाठी मी मिलर-राबिनच घेईन. फर्माच्या साध्या चाचणीत ५६१ सहज निसटते: २ च्या ५६० व्या घाताला ५६१ ने भागलं की बाकी १ उरते, जणू ती मूळच. मिलर-राबिन त्या १ पर्यंतची वाटही तपासते. ५६० म्हणजे १६ गुणिले ३५. म्हणून २ च्या ३५ व्या घातापासून वर्ग करत गेलं की बाक्या येतात २६३, १६६, ६७, १. संख्या मूळ असती तर १ च्या लगेच आधी १ किंवा ५६० च आलं असतं. आलं ६७, म्हणजे ५६१ संयुक्त (३ × ११ × १७).

ज्या संख्येचे घात घेतो ती म्हणजे पाया; वर तो २ होता. संयुक्त संख्या एका यादृच्छिक पायाला फसवण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश. वीस पाये घेतले की ती लाख कोटीत एकाहूनही कमी होते. संख्या २ च्या ६४ व्या घाताहून लहान असेल तर २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाये म्हणून पुरतात आणि उत्तर पक्कं मिळतं. मोठी संख्या दुसऱ्याने दिलेली असेल तर मात्र पाये यादृच्छिकच घ्या. ठरावीक पायांना चकवणाऱ्या संख्या मुद्दाम बनवता येतात.

आणि एकेएस? आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली ही चाचणी कुठल्याही संख्येला चालते, दैवावर किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतावर विसंबत नाही, आणि तिचा वेळ अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतो. या तिन्ही गोष्टी एकत्र साधणारी ही पहिलीच. तिची सिद्धता जरूर वाचा, फार सुंदर आहे. रोजच्या कामाला मात्र ती फारच संथ. सर्वसाधारण संख्येची पक्की सिद्धता हवी असेल तर इलिप्टिक कर्व्हची पद्धत घ्या: ती प्रमाणपत्र देते, आणि ते दुसऱ्याला झटपट तपासता येतं.

चाचण्या जोडूनही वापरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मर्सेन संख्या आधी फर्मा-चाचणीत ‘बहुधा मूळ’ ठरली. शिक्कामोर्तब ल्युकास-लेहमरने केलं.