वॉलेसचं ‘द मलाय आर्किपेलागो’ : सोबत थोडी बहासा शिकून वाचा

इंडोनेशिया म्हणजे बाली आणि फार तर बोरोबुदुर, एवढंच मला माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचं हे प्रवासवर्णन घेतलं आणि त्याच सुमारास मोबाईलवर बहासा इंडोनेशिया शिकायला लागले, आणि दोन्ही एकत्र केलं हे फार बरं झालं. वॉलेस १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं आजच्या इंडोनेशिया-मलेशियातल्या बेटांवर पक्षी आणि किडे गोळा करत हिंडला, १८६९ मध्ये पुस्तक आलं, डार्विनला अर्पण केलंय. प्राण्यांची वर्णनं लांबलचक आहेत, काही पानं मी सरळ उलटली, खोटं कशाला बोलू.

पण शब्द! ‘बहासा’ म्हणजे आपली भाषाच. ‘कपाला’ म्हणजे डोकं, आपलं कपाळ, आणि म्हणून गावचा मुख्य तो ‘कपाला-काम्पोंग’ (काम्पोंग म्हणजे गाव). स्वर्गीय पक्ष्यांना (बर्ड्स ऑफ पॅरडाइज) मलाय व्यापारी ‘मानुक देवाता’ म्हणायचे असं तो लिहितो, म्हणजे देवांचे पक्षी, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून नवऱ्याला हाक मारली. ‘गुनुंग’ म्हणजे डोंगर, ‘आपी’ म्हणजे आग, म्हणजे बांदा बेटांवरच्या ज्वालामुखीचं नावच मुळी आगीचा डोंगर. ‘दुरी’ म्हणजे काटा, त्यावरून दुरियान, फणसासारखं काटेरी आणि उग्र वासाचं फळ. वॉलेसला आधी त्याच्या वासाने नको झालं होतं, मग बोर्निओत झाडाखाली पडलेलं पिकलेलं फळ मिळालं, बाहेर मोकळ्यावर बसून खाल्लं आणि तो त्याचा भक्तच झाला, चव सांगताना बदामी कस्टर्ड, क्रीम चीज, कांद्याचं सॉस, शेरी सगळं एकाच वाक्यात आणतो. फणसाच्या वासावरून ज्यांच्या घरात भांडणं झालीयत त्यांना हे लगेच कळेल.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण बालीशेजारच्या लोम्बोक बेटाच्या राजाचं. तिथे माणशी थोडा तांदूळ कर म्हणून द्यायचा, पण तो कपाला-काम्पोंगपासून वर बऱ्याच हातांतून जायचा आणि राजापर्यंत येईतो दरवर्षी कमी कमी व्हायचा. कारणं तयार, कुठे ताप आला, कुठे पीक बुडालं. राजा शिकारीला जायचा तेव्हा मात्र गावं भरलेली आणि माणसं धडधाकट दिसायची, आणि मुखियांच्या क्रिसच्या (तिथली कट्यार) मुठी लाकडाच्या होत्या त्या हस्तिदंताच्या, मग सोन्याच्या होत गेल्या. मग राजा मोठ्या डोंगरावर जाऊन आला आणि म्हणाला, डोंगराच्या देवाने दर्शन दिलं, बारा पवित्र क्रिस घडवायच्यात, त्यासाठी प्रत्येक माणसामागे एक सुई द्या, गावात साथ आली की क्रिस पाठवीन, पण सुया खऱ्या मोजून दिल्या असतील तरच तो लागू पडेल. साथीच्या भीतीने सगळ्यांनी अगदी बरोबर सुया दिल्या! राजाने गावागावच्या सुया गुपचूप मोजून ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी तांदूळ कमी आला तेव्हा शांतपणे विचारलं, सुया तर जास्त आल्या होत्या, मग? जनगणना झाली आणि कुणाला कळलंही नाही.

खटकलं तेही सांगते. जावामध्ये डचांनी लोकांकडून सक्तीने जी शेती करवून घेतली तिचं तो कौतुक करतो, ते आज वाचवत नाही. ओरांगउटान ही मोठी माकडं (ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल) एकामागून एक मारतो, आणि मग एका अनाथ पिल्लाला बाटलीतून भाताची पेज पाजतो, म्हशीच्या कातड्याची खोटी आई करून देतो. ते पिल्लू तीनेक महिन्यांत जातं. मला तिथे वाचणं थांबवावं लागलं.

घेताना एक बघा. मी आधी ऑनलाइन एक स्वस्त छापील प्रत मागवली होती, कुणाची ते जाऊ दे, तिच्यात नकाशे नव्हते आणि शेवटचं परिशिष्ट सरळ गाळलेलं. त्या परिशिष्टातच तर ११७ शब्द ३३ भाषांमध्ये दिलेत, आग, पाणी, नाक, दात, असे रोजचे, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ते कसे बदलत जातात ते ओळीने दिसतं. मला शेवटी लायब्ररीतल्या जुन्या प्रतीत मिळालं. पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे, नेटवर फुकट वाचता येतं, पण आधी शेवटची पानं उघडून बघा आणि मगच सुरुवात करा, तीही लोम्बोकपासून.