टेबल जसंच्या तसं उतरवायचं तर एक्सेलच

कापसाचा सीझन लागला की धरणगावच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, रोज एक खरेदीपत्रक निघतं. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ क्विंटल, ओलावा, भाव, रक्कम. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की तो आकडा आपोआप लाल होतो. हेच टेबल मग शेठच्या महिन्याच्या फाइलीत जातं, सीएकडे जातं, गुजरातच्या व्यापाऱ्याकडे जातं. म्हणून कुठलाही प्रोग्राम मी आधी एकाच गोष्टीवर पारखतो: इथून उचललेलं टेबल तिथे तसंच उतरतं का?

एक्सेलमध्ये साधं कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही केलं तर रंग, रेघा, ठळक अक्षरं सगळं येतं, कॉलमची रुंदी तेवढी येत नाही. रकमेचा कॉलम अरुंद पडला की तिथे नुसते ##### उभे राहतात आणि शेठ कागद हातात घेऊन विचारतात, "आकडा कथा गयात, भो?" (आकडे कुठे गेले, भाऊ?) आकडे शाबूत असतात, पण कागदावर नाहीत म्हणजे शेठच्या लेखी नाहीतच. यावरची सोय एक्सेलमध्येच आहे आणि ती फार चांगली आहे. पेस्ट केल्यावर कोपऱ्यात जी छोटी खूण उमटते, तिच्यात 'कीप सोर्स कॉलम विड्थ्स' निवडायचं. ओळींची उंचीही हवी असेल तर डावीकडच्या क्रमांकांवरून अख्ख्या ओळी धरून कॉपी करायच्या.

रोजच्या पत्रकाला तर मी टेबल उचलतच नाही. खालचा शीटचा टॅब कंट्रोल दाबून बाजूला ओढला की रुंदी, उंची, प्रिंटची सेटिंग, सगळ्यासकट नवं शीट तयार. यासाठी एक्सेलला पैकीच्या पैकी गुण.

लाल रंगाच्या नियमांबाबत मात्र गुण कापतो. एकाच शीटमध्ये ओळी पुन्हापुन्हा पेस्ट केल्या की त्या नियमांचे तुकडे होत जातात आणि 'मॅनेज रूल्स'मध्ये लांबलचक यादी साचते. तिथे फक्त व्हॅल्यूज, म्हणजे फॉरमॅटशिवाय नुसते आकडे आणि मजकूर, पेस्ट कराव्यात.

गूगल शीट्स फोनवर बघायला झकास आहे, आणि रुंदी पेस्ट करायची सोय तिथेही आहे. पण एक्सेलमधून थेट कॉपी करून तिथे टाकलं की फॉर्म्युल्यांचे नुसते आकडे होतात, रंगामागचा नियम मागेच राहतो. त्यापेक्षा अख्खी फाइलच इम्पोर्ट करावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावं. शेतकऱ्यांची नावं जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर कुठलाच प्रोग्राम तुम्हाला वाचवत नाही. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. टेबल दुसरीकडे नेताना फॉन्ट सुटला की 'पाटील' जाऊन तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा येतो. इथे फॉरमॅट गेलं म्हणजे मजकूरच गेला. पैसे कोणाला द्यायचे, हेच कळत नाही. युनिकोडमध्ये फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, नाव तेच राहील. आमची जुनी यादी आम्ही सीझन नसताना बसून युनिकोडमध्ये करून घेतली. कष्टाचं काम आहे, पण करावंच.

स्वल्पविरामांचंही लक्षात ठेवा. आपल्या स्क्रीनवरचे 12,34,567 दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर 1,234,567 दिसू शकतात, कारण एक्सेल ते विंडोजच्या रीजन सेटिंगवरून घेतं. त्यात टेबलाचा दोष नाही. समोरच्याला रीजन 'इंडिया' करायला सांगा, किंवा ज्याला फक्त बघायचं आहे त्याला सरळ पीडीएफ पाठवा. व्यापाऱ्याला आम्ही तेच पाठवतो.