टेली मानस १४४१६ : लातूरला शिकणाऱ्या लेकींच्या आईबापांसाठी

दहावीला शाळेत पहिली आलेली पोरगी नीटच्या क्लाससाठी लातूरला जाते, वर्षभरात मिटून जाते, आणि घरचे मात्र टेस्टचे मार्क बघत राहतात. हुशार मुली मार्क शेवटपर्यंत ओढून धरतात. त्याआधी झोप बिघडते. पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. मेसचा डबा तसाच परत जातो, केस धुणंही जिवावर येतं. दोन आठवडे रोज असंच चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. नजर उतरवणं आणि गंडेदोरे राहू द्या, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा.

केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, साध्या बटणांच्या फोनवरूनही लागते. मराठी निवडली की समुपदेशक बोलतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात. पालकांनी फोन केला तरी चालतो. तेव्हा ‘टेन्शन घेते’ एवढंच सांगू नका. झोप किती, जेवण किती, कधीपासून, मरणाचं बोलली का, हे सांगा. मध्येच काही दिवस न झोपताही फार उत्साहात होती का, हे तर नक्की सांगा. आजार बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह (उन्माद) असा असला तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो.

उणिवाही आहेत. दर वेळी तोच समुपदेशक मिळेलच असं नाही, म्हणून सगळं कागदावर लिहून ठेवावं. होस्टेलच्या खोलीत मैत्रिणींसमोर मोकळं बोलता येत नाही. रविवारी भेटायला जाल तेव्हा तिला निवांत जागा मिळवून द्या.

पहिली पायरी म्हणून सेवा फार मोलाची, पण उपचार दवाखान्यातच. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होते, आणि पंचविशीच्या आतल्या काहींमध्ये मरणाचे विचार वाढू शकतात. त्या दिवसांत तिला एकटं ठेवू नये. पुढे ‘बरी झाली’ म्हणून दोन महिन्यांत गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा.

जिवाला धोका वाटला तर १०८ लावा. गावी आणलं असेल तर फवारणीचं औषध आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ.